परवान्याचे छोटे शस्त्र : निवड कशावर ठरते?

विषयाची चौकट

बारवी धरणाच्या परिसरात बदलापूरची शहरी वस्ती संपून मुरबाडकडची विखुरलेली गावे, पाडे आणि शेतघरे सुरू होतात. अशा ठिकाणी राहणारा किंवा रोख रकमेची ने-आण करणारा माणूस स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगता येईल अशा छोट्या, परवडणाऱ्या शस्त्राचा विचार करतो. भारतात ही निवड दुकानाच्या काउंटरवर सुरू होत नाही. परवाना, बोअर, यंत्रणा, वजन आणि सराव या क्रमाने ती पुढे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर पुढचे पर्याय कमी होत जातात.

परवाना

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हा या विषयाचा पाया आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस चौकशीचा अहवाल आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक असते. अर्ज कोठे करायचा हे राहत्या पत्त्यावर ठरते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, म्हणून तेथे परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, तर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली.

कारण आणि शस्त्र यांचा संबंध

कायदा गरजेनुसार शस्त्राचा प्रकार पाहतो. पिकांच्या राखणीसाठी तोंडाने भरायच्या बंदुकीची, तर सर्वसाधारण संरक्षणासाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात स्वतंत्रपणे आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल या तरतुदीत बसत नाही. त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. रानडुकरांपासून भातशेती वाचवण्याचे कारण कमरेच्या शस्त्राला पुरेसे ठरत नाही.

बोअर

नळीच्या आतील व्यासाला बोअर म्हणतात. ९ मि.मी. सारखी सैन्य व पोलीस वापरतात ती मापे सामान्य नागरिकांना प्रतिबंधित आहेत. त्यामुळे खुल्या वर्गात मुख्यतः .३२ आणि .२२ ही दोन मापे उरतात. .३२ चे काडतूस मध्यम ताकदीचे असून हाताला बसणारा झटका आटोक्यात राहतो. .२२ चा झटका त्याहून कमी असतो, पण मारकशक्तीही कमी असते. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत १९५३ पासून दारूगोळ्याला लागणारे धातूचे भाग घडवले जातात. नागरी वापराच्या काडतुसांवर मात्र बहुधा खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात.

यंत्रणा

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रात साधारणपणे सहा काडतुसे असतात. पारंपरिक .३२ भारतीय रिव्हॉल्व्हरची वरची खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकाम्या पुंगळ्या एकाच वेळी वर उचलल्या जातात. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे तेव्हा डोळ्यांना थेट दिसते. काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तूल अधिक चपटे असल्याने कपड्यांखाली सहज लपते. पण मॅगझिन काढल्यावरही नळीत एक गोळी राहू शकते आणि काडतूस अडकल्यास ते मोकळे करण्याचा सराव लागतो. नवख्यासाठी रिव्हॉल्व्हर सोपे मानले जाते, ते या साधेपणामुळे.

वजन आणि आकार

शस्त्र हलके झाले की बाळगणे सोपे होते, पण त्याच काडतुसाचा झटका अधिक जाणवतो. नळी आखूड झाली की पुढचे व मागचे निशाण जवळ येतात आणि नेमातील छोटी चूक मोठी होते. म्हणून सर्वांत छोटे शस्त्र वापरायला सर्वांत सोपे नसते.

उपलब्ध नमुने

कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचे, .३२ बोअरचे आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे .२२ बोअरचे ‘निडर’ सुमारे २५० ग्रॅमचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे वजन सुमारे ७०० ग्रॅम असून नळी ७६ मि.मी. आहे, त्याचे चक्र बाजूला उघडते. पिस्तूल हवे असणाऱ्यांसाठी .३२ बोअरचे ‘अशनी’ आहे.

खरी किंमत

बाजारात आले तेव्हा ‘निडर’ची किंमत सुमारे ३५ हजार रुपये, तर ‘निर्भीक’ची सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. त्यात काडतुसे, म्यान, कुलूपबंद पेटी आणि सरावाचा खर्च मिळवावा लागतो. कोकणातील दमट पावसाळ्यात देखभालही वाढते. चामड्याचे म्यान ओल धरते, त्यामुळे त्यात ठेवलेल्या पोलादाला गंज चढतो. शस्त्र पुसून, हलके तेल लावून कोरड्या जागी ठेवणे हा त्यावर उपाय आहे.

बाळगण्याचे नियम

सार्वजनिक जागी हे शस्त्र म्यानात किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे, असे २०१६ चे नियम सांगतात. म्हणजे झाकून नेणे ही येथे आवड नसून अट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तर निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मर्यादा

भारतीय न्याय संहितेने खासगी बचावाचा हक्क मान्य केला आहे, मात्र गरजेपेक्षा अधिक इजा त्यात बसत नाही. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. झाडलेल्या प्रत्येक गोळीचे समर्थन स्वतंत्रपणे करावे लागते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच जमिनीच्या वादाच्या पार्श्वभूमीवर गोळीबार झाला. शस्त्र हाताशी असताना वाद कोठवर जाऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवले.

निष्कर्ष

नियमित सराव शक्य असलेल्या परवानाधारकासाठी .३२ बोअरचे, मध्यम वजनाचे साधे रिव्हॉल्व्हर ही सर्वांत समतोल निवड ठरते. ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि घरात मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे. सरावाला वेळ आणि सुरक्षित साठवणीला जागा नसेल, तर कितीही स्वस्त शस्त्र न घेणेच अधिक सुरक्षित आहे.