इकडे अस्वल, तिकडे पेंग्विन

मुलांनो, एक कोडं घालते. पांढरं अस्वल पेंग्विनला का खात नाही? आमच्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, तर उत्तरांचा नुसता पाऊस पडला. कुणी म्हणालं, पेंग्विन पाण्यात पळतो. कुणी म्हणालं, त्याचं मांस कडू असेल! खरं उत्तर अगदी सोपं आहे. दोघांची कधी गाठच पडत नाही. अस्वल राहतं उत्तर ध्रुवाकडे आणि पेंग्विन दक्षिणेकडे. गोष्टीच्या पुस्तकात नि आइस्क्रीमच्या गाडीवर ते शेजारी शेजारी उभे दिसतात, ती फक्त चित्रकाराची कृपा.

नावातही गंमत आहे. उत्तरेकडच्या प्रदेशाला म्हणतात आर्क्टिक. ग्रीक भाषेत ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. पण हे अस्वल बर्फावरचं नव्हे, आकाशातलं! आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या ताऱ्यांच्या भागात ग्रीकांना अस्वल दिसलं. (संस्कृतातला ‘ऋक्ष’ आणि हा ‘आर्क्टोस’ एकाच कुळातले शब्द, बरं का!) आणि त्याच्या विरुद्ध टोकाचा तो अंटार्क्टिक. सप्तर्षींवरून ध्रुवतारा शोधायला तुम्ही शिकला असालच. आपल्याकडे तो क्षितिजापासून फार वर नसतो. उत्तर ध्रुवावर मात्र तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि दक्षिण ध्रुवावरून तर दिसतच नाही.

पण खरा फरक पायाखाली आहे. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही! तिथं समुद्र आहे, सुमारे ४ किलोमीटर खोल. दुधावर साय धरावी तसा त्याच्यावर काही मीटर जाडीचा बर्फ धरतो. १९५८ साली ‘नॉटिलस’ ही अमेरिकन पाणबुडी या सायीखालून चक्क ध्रुव पार करून गेली.

दक्षिणेकडे सगळं उलट. मधे जमीन आणि भोवती समुद्र. अंटार्क्टिका खंड भारताच्या चौपटीहून मोठा आहे. दक्षिण ध्रुवावर बर्फाचा थर आहे सुमारे २,७०० मीटरचा. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. ते उचलून त्या बर्फाच्या तळाशी ठेवलं, तर त्याच्या डोक्यावर आणखी एक किलोमीटर बर्फ उरेल! थंडी म्हणाल तर याच खंडावर, व्होस्तोक इथं, २१ जुलै १९८३ला उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं.

आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली गोव्याहून निघाली. नंतर १९८३-८४मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणं उभं राहिलं, पण ते होतं समुद्रावर पसरलेल्या बर्फावर. काही वर्षांत ते बर्फाखाली गाडलं गेलं. ‘मैत्री’ हे पुढचं ठाणं म्हणूनच खडकाळ जमिनीवर बांधलं.

आता घरी करायचा प्रयोग. (पालकहो, फरशी पुसायची तयारी ठेवा!) सारख्या आकाराची दोन पारदर्शक भांडी घ्या. एकात पाणी घालून बर्फाचे खडे तरंगत सोडा. हा तुमचा उत्तर ध्रुव. दुसऱ्यात एक मोठा दगड ठेवा, त्याचं डोकं वर राहील एवढंच पाणी घाला आणि बर्फ दगडावर रचा. ही तुमची अंटार्क्टिका. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर पेनाची खूण करा आणि वाट बघा. आमची शाळा समुद्रकाठची, त्यामुळे मासळीसाठी आणलेला बर्फ बंदरावर मागून मिळाला. वर्गात वास सुटला, पण प्रयोग झकास झाला! तरंगणारा बर्फ वितळला तरी पहिल्या भांड्यातलं पाणी खुणेवरच राहिलं. दुसऱ्यातलं मात्र वर चढलं.

ग्रीनलंड उत्तरेला असलं तरी तिथला बर्फही असाच जमिनीवरचा आहे, हे विसरू नका. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. घाबरू नका, तसं व्हायला कित्येक शतकं लागतील. पण थोडं थोडं सुरू झालेलं आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. काही वाढ जमिनीवरचा बर्फ वितळल्यामुळे, तर काही पाणी तापून फुगल्यामुळे. म्हणजे साधारण एक वीत.

वर्गातल्या पोरांनी लगेच आपापली वीत मोजून पाहिली. बोट असलेल्या घरातली एक मुलगी मात्र हसली. म्हणाली, ‘‘बाई, एवढंसंच? आमच्याकडे भरतीला पाणी रोज त्याच्याहून किती वर येतं!’’

प्रश्न बिनतोड होता. मी फळ्यावर धक्क्याची भिंत काढली, तिच्यावर नेहमीच्या भरतीची रेघ आणि वर उधाणाच्या भरतीची रेघ. ‘‘ही वीत कुठं ठेवशील?’’ तिनं खडू घेतला, थोडा विचार केला आणि उधाणाच्या रेघेवर वीत टेकवली. ती भिंतीच्या वर, रस्त्यावर गेली.

‘‘बाई, रस्त्याच्या पलीकडे आमचं घर आहे,’’ ती म्हणाली.