जुनी मोटार आणि घड्याळाशी शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कर्णकर्कश आवाज करीत एकमेकींना मागे टाकणाऱ्या, भारी किमतीच्या मोटारी उभ्या राहतात. आपल्यासारख्या संसारी माणसाचा तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरची पंधरा-वीस वर्षे वापरलेली मोटार घेऊन शिक्षक, कारकून किंवा दुकानदारही उतरू शकेल, असा एक प्रकार या खेळात आहे. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. त्याची ओळख मी आज करून देणार आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग होता, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. सुरतेसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात रस्ते रुंद झाले आणि तरुणांच्या हाती वाहने आली. वेगाची ओढ हा तारुण्याचा स्वभावच आहे. तिला नुसते ‘नको’ म्हणून ती जात नाही. तिला योग्य जागा दाखवावी लागते. ऑटोक्रॉस ही अशी एक जागा आहे.

या खेळात एखाद्या बंदिस्त मैदानावर रबरी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच मोटार सोडतात, आणि तिला लागलेला वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. शेजारी दुसरी मोटार नसल्याने टक्कर होण्याचा प्रश्न सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये हा खेळ गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर रुजला. अमेरिकेत तो डांबरी पटांगणावर खेळतात. आपल्याकडे तो बहुधा मातीवर होतो. जपानात याच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या खेळाला ‘जिमखाना’ म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्याच देशातला. इंग्रजांनी तो उचलला, घोड्यांच्या कसरतींना लावला आणि पुढे तो मोटारींनाही चिकटला.

शंकूला धक्का लागला तर शिक्षा होते. अमेरिकेतील नियमाप्रमाणे पडलेल्या प्रत्येक शंकूमागे दोन सेकंद वाढवतात. समजा, एकाने ४९.८ सेकंदांत फेरी पुरी केली, पण एक शंकू पाडला. त्याचा हिशेब झाला ५१.८. दुसऱ्याने एकही शंकू न पाडता ५१.२ सेकंद घेतले. जिंकला दुसरा. उतावळेपणाची किंमत येथे लगेच आणि आकड्यांत मोजली जाते.

आता प्रश्न असा, की जुनी मोटार नव्या, शक्तिमान मोटारीपुढे टिकणार कशी? याचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे. वळणावर मोटारीला बाहेर जाऊ न देणारे बल इंजिन पुरवीत नाही; ते टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण पुरवते. १५ मीटर त्रिज्येचे वळण घ्या. कोरड्या डांबरावर साधे, चांगले टायर असलेली मोटार ते ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने घेऊ शकते. सैल मातीवर ही मर्यादा ३० च्या आसपास येते. या हिशेबात इंजिनाच्या अश्वशक्तीला स्थानच नाही. म्हणून वळणे जितकी जास्त आणि सरळ पल्ले जितके आखूड, तितका महागड्या इंजिनाचा फायदा कमी. शिवाय इंजिनाच्या आकारमानानुसार गटही पाडलेले असतात.

यास्तव जुन्या छोट्या मोटारींना येथे मान आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० पाहा. तिचे इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. वजन कमी म्हणजे थांबणे आणि दिशा बदलणे सोपे. तिचे इंजिन पुढची चाके फिरवते. वळणात वेग जास्त झाला, की पुढची चाके घसरतात आणि मोटार वळण सोडून सरळ निघू पाहते; अशा वेळी ॲक्सिलरेटर सैल केला की ती पुन्हा वळणावर येते. उलट, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत शक्ती मागच्या चाकांना जाते. तिच्यात वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर मागचा भाग बाहेर झुकतो. आपली मोटार कोणत्या जातीची आहे, हे ओळखणे हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा तयारीचा. सुरतेची हवा समुद्राजवळची, दमट आणि खारी; शिवाय ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर येथे कोण विसरेल? अशा गावात जुन्या मोटारीचा खरा शत्रू गंज. बाहेरचा रंग चकाकत असला तरी गालिचा उचलून तळाचा पत्रा पाहावा. आसन, सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जेथे जोडलेले असते तेथे गंज असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मैदानाचे नाव काढू नये. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते, आणि ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालातील ३५ वा आठवडा. बॅटरी घट्ट बांधलेली असावी, ॲक्सिलरेटर सोडताच पूर्ववत यावा, चाकांचे नट तपासावेत आणि मोटारीतील प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी. स्पर्धेपूर्वी तपासनीस हेच पाहतात. शिरस्त्राण आणि सीटबेल्ट यांना पर्याय नाही.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. नेहमीच्या विम्यातून शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. मैदानावर मोडलेल्या मोटारीचा खर्च आपल्याच खिशातून जाणार. देशातील मोटारक्रीडेचे नियमन १९७१ साली स्थापन झालेली मोटार स्पोर्ट्स क्लबांची राष्ट्रीय महासंघटना करते. तिच्या मान्यतेची स्पर्धा निवडणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी सर्वांत मोठे काम पायांनी होते. मोटार सुरू करण्याआधी स्पर्धक मार्ग चालून पाहतात. कोठे ब्रेक दाबायचा, कोठून वळायचे, कोणत्या शंकूच्या किती जवळून जायचे, हे पाठांतरासारखे मनात बसवावे लागते. ब्रेक वळणापूर्वी, सरळ रेषेत दाबावा; वळणात मोटार शांत ठेवावी; वळण सरळ होऊ लागले की मग वेग वाढवावा. वळणाच्या बाहेरून आत येऊन पुन्हा बाहेर गेल्यास त्रिज्या वाढते आणि वेग राखता येतो. नजर समोरच्या शंकूवर न ठेवता त्याच्या पुढच्या शंकूवर ठेवावी, कारण हात नजरेच्या मागे जातात. पहिली फेरी मध्यम वेगाने करावी. सुरतेचा रत्नकलाकार पैलू पाडताना घाई करीत नाही, कारण जास्त घासला गेलेला हिरा भरून येत नाही. चाकांची पकड एकदा सुटली की गमावलेला वेळही तसाच परत मिळत नाही.

स्पर्धा संपली की तीच मोटार घेऊन घरी परतायचे असते. ज्याने मैदानावर स्वतःच्या मोटारीची मर्यादा हातांनी अनुभवली, ताशी चाळीसला टायर कसे घसरतात आणि थांबायला किती जागा लागते हे पाहिले, तो गर्दीच्या रस्त्यावर ऐंशीचा वेग घेण्यापूर्वी दोनदा विचार करील. पालकांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि मोटारसंघांनी तरुणांना अशी मैदाने मिळवून दिली, तर शर्यतीची हौस तेथे फिटेल आणि आपले रस्ते चालणाऱ्या माणसांसाठी मोकळे राहतील.