रुग्णालयातील नोकरी नेमकी कोणाची?

खान्देशातून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, सुरत येण्याच्या थोडे आधी, चलथाण लागते. सहकारी साखर कारखान्यामुळे आणि कापड उद्योगामुळे सुरतेच्या या परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली. पहिली पिढी कारखान्यात राबली. मुलांनी, विशेषतः मुलींनी, सरकारी रुग्णालयात नोकरीस लागावे ही पुढची आकांक्षा. गोव्यातील मराठी घरांतही ती तितकीच परिचित आहे. मात्र ‘सरकारी रुग्णालयात नोकरी’ या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही.

आज एकाच वॉर्डात वेगवेगळ्या प्रकारचे कर्मचारी शेजारी शेजारी काम करतात. पहिले मंजूर पदावरील कायम कर्मचारी. दुसरे कंत्राटी, २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान म्हणून सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातील बहुतांश पदे याच स्वरूपाची आहेत. तिसरे बाह्यस्रोताद्वारे आलेले सफाई कामगार, सुरक्षारक्षक व मदतनीस. हे काम रुग्णालयात करतात, पण त्यांचे नियुक्तीपत्र दुसऱ्याच संस्थेचे असते.

गुजरातमध्ये आणखी एक प्रकार आहे. तेथे नियमित भरतीतून निवड झाली तरी पहिली पाच वर्षे ठरावीक वेतनच मिळते. पूर्ण वेतनश्रेणी त्यानंतर. ऑक्टोबर २०२३ मध्ये या वेतनात ३० टक्के वाढ झाली, परंतु पद्धत कायम राहिली. गोव्याने निराळी वाट धरली. सुरक्षा व सफाईसारख्या सेवा मानव संसाधन विकास महामंडळ या सरकारी संस्थेमार्फत पुरवल्या जाऊ लागल्या. खासगी ठेकेदाराच्या तुलनेत ही व्यवस्था अधिक स्थिर आहे. तथापि महामंडळाचा कर्मचारी हा खात्याचा कर्मचारी नव्हे.

असे का घडते? नवी इमारत हा एकवेळचा खर्च असतो. पद मंजूर करणे म्हणजे वेतन, भत्ते आणि निवृत्तीचे लाभ यांचा दीर्घकालीन भार. त्यामुळे खाटा लवकर वाढतात, पदे मागे राहतात आणि मधली पोकळी कंत्राटाने भरली जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. पदे अपुरी असली की हे प्रमाण ढळते. अल्प मुदतीचे कर्मचारी सतत बदलत राहिले, तर अनुभवही त्यांच्याबरोबर निघून जातो. त्याची झळ अखेर रुग्णाला बसते.

कायद्याची भूमिकाही समजून घ्यावी लागेल. २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ दीर्घ सेवेच्या आधारे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे स्पष्ट केले. २०१६ मध्ये मात्र तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात तर उमादेवी निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे कायमस्वरूपी काम करून घेण्याच्या प्रवृत्तीवर न्यायालयाने टीका केली. दुसरीकडे, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सफाई व पहारा ही कामे सामान्यतः आस्थापनेच्या मुख्य कामात धरलेली नाहीत. म्हणजे तेथे कंत्राटाची वाट मोकळीच राहते. रुग्णालयात स्वच्छता हा संसर्ग रोखण्याचाच भाग असतो, हे लक्षात घेतले की या वर्गीकरणातील विसंगती जाणवते.

म्हणून उमेदवाराने नोकरी स्वीकारताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. नियुक्तीपत्रावर खात्याचे नाव आहे की संस्थेचे? पद मंजूर आहे का? मुदत किती? भविष्य निर्वाह निधी लागू असल्यास कामगाराइतकाच, म्हणजे १२ टक्के, हिस्सा मालकाकडून जमा होतो का? ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते, हेही ध्यानात ठेवावे.

गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे. या छोट्या राज्यात प्रत्येक रुग्णालयातील मंजूर, भरलेली आणि कंत्राटी पदे दरवर्षी जाहीर करणे अवघड नाही. तसे झाले, तर नव्या वॉर्डाची फीत कापली जाताना तेथे रात्रपाळीला कोण असेल, हा प्रश्न नागरिकांना आकडे हाती घेऊन विचारता येईल.