निळ्या टोपीला हुकूम कोणाचा?

चाळीसगाव तालुक्यात सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पहाटेच रस्त्याने धावताना दिसतात. त्यांच्यातला एखादा फौजेत लागतो आणि पुढे त्याची पलटण ‘मिशन’वर निघाली, की घरी एवढंच कळतं : पोरगा आफ्रिकेत गेला, युनोत. तो कोणाच्या हुकमाखाली गेला, पगार कोण देतं, गोळी कधी चालवायची हे कोण ठरवतं, हे त्याच्या आई-बापाला कोणी समजावून सांगत नाही. आजवर भारताचे अडीच लाखांहून जास्त जवान युनोच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या, शांतिसेनेत गेले, त्यांतले पावणेदोनशेच्या वर परत आले नाहीत. एवढी किंमत मोजणाऱ्या देशात ही रचना घराघरात माहीत असायला हवी.

फौज नसलेली संघटना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या आणि २४ ऑक्टोबरला ती लागू झाली. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी संस्थापक सभासदांत आपलं नाव आहे. आज सभासद १९३. मुख्य अंगं सहा : आमसभा, सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद, सचिवालय, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि १९९४ पासून काम थांबलेली विश्वस्त परिषद. शांतिसेनेशी रोजचा संबंध येतो तो आमसभा, सुरक्षा परिषद आणि सचिवालय या तिघांचा.

सनदेच्या ४३व्या कलमाप्रमाणे सभासद देशांनी करार करून संघासाठी फौजा राखून ठेवायच्या होत्या. शीतयुद्ध सुरू झालं आणि असा एकही करार झाला नाही. त्यामुळे संघाकडे स्वतःचा एकही सैनिक नाही. दर वेळी देशांकडे मागावे लागतात. आज जी शांतिसेना आपण ओळखतो, तिची तरतूदही सनदेत नाही. ती गरजेतून उभी राहिली. २९ मे १९४८ रोजी पॅलेस्टाइनसाठी लष्करी निरीक्षक नेमायचं ठरलं, ही सुरुवात. सशस्त्र तुकड्या पहिल्यांदा गेल्या १९५६ मध्ये, सुएझच्या पेचात. शांतिसैनिकांचं निळं शिरस्त्राण तेव्हापासूनचं.

ठरवतं कोण

मोहीम सुरू करायची, वाढवायची की गुंडाळायची, हे सुरक्षा परिषद ठरवते. तिथे पंधरा देश असतात. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स कायमचे; बाकी दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. भारत आठ वेळा निवडून आला, शेवटचा २०२१-२२ साठी. ठरावाला नऊ मतं लागतात, आणि पाच कायम सभासदांपैकी एकानेही विरोधी मत दिलं तर ठराव पडतो. हाच नकाराधिकार.

आमसभेत प्रत्येक देशाला एक मत. पण युद्ध-शांततेवर तिचे ठराव शिफारशीपुरतेच. तिची खरी ताकद पैशात आहे, कारण अंदाजपत्रक ती मंजूर करते. १९५३ साली या सभेच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक स्त्री बसली : भारताच्या विजयालक्ष्मी पंडित.

न्यूयॉर्क ते छावणी

ठराव झाला की काम सचिवालयाकडे येतं. तिथला शांतता मोहिमांचा विभाग देशांशी बोलून तुकड्या जमवतो. मोहिमेचा प्रमुख बहुधा मुलकी माणूस असतो, सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी. त्याच्या हाताखाली सेनेचा फोर्स कमांडर आणि पोलिसांचा आयुक्त. तुकडी कुठे ठेवायची, गस्त कुठे घालायची, हे फोर्स कमांडर सांगतो. जवानाने गुन्हा केला तर मात्र खटला त्याच्या देशाच्या कायद्याने चालतो. अंगावर गणवेशही स्वतःच्याच देशाचा असतो. निळी टोपी आणि दंडावरचं बोधचिन्ह एवढंच संघाचं.

मराठा पलटणीतला जनरल

ही रचना कुठे ताणली जाते ते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांच्या उदाहरणातून दिसतं. जन्म मुंबईचा, १९५७ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी, १९७१ च्या युद्धात वीरचक्र. मार्च १९९२ मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या मोहिमेचे ते पहिले फोर्स कमांडर आणि प्रमुख झाले. काम क्रोएशियातलं होतं, पण मुख्यालय ठेवलं बोस्नियातल्या सारायेव्होत. एप्रिलमध्ये बोस्नियातच युद्ध पेटलं आणि मुख्यालयावरच शहर सोडायची पाळी आली. आधी ते बेलग्रेडला हललं, नंतर झाग्रेबला. अनेक देशांच्या तुकड्या हाताखाली, आणि परिषद ठरावामागून ठराव करून कामं वाढवत चाललेली. मुदतवाढ देऊ केली असतानाही वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये नंबियार परतले.

त्यांच्या मागे काय झालं तेही सांगायला हवं. परिषदेने बोस्नियातलं स्रेब्रेनिका आणि आणखी काही गावं ‘सुरक्षित क्षेत्रं’ म्हणून जाहीर केली. ती राखायला आणखी सुमारे ३४,००० सैनिक लागतील असा अंदाज होता. मंजूर झाले ७,६००. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका पडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. ठराव करणारे वेगळे आणि सैनिक देणारे वेगळे असले की शब्द मोठे होतात आणि फौज तोकडी पडते. सनदेचं ४४वं कलम याच दुखण्यावर आहे : परिषदेत नसलेल्या देशाकडून फौज घ्यायची तर त्याला निर्णयात बसवावं. भारत हे वारंवार बजावतो, आणि ते रास्त आहे.

गोळी कधी

तीन नियम. भांडणाऱ्या मुख्य पक्षांची संमती हवी. कोणाचीच बाजू घ्यायची नाही. आणि शस्त्र स्वसंरक्षणासाठी किंवा नेमून दिलेल्या कामाच्या रक्षणासाठीच चालवायचं. अलीकडच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत नागरिकांचं रक्षण हे त्या कामातच लिहिलेलं असतं. म्हणजे छावणीच्या दाराशी जीव वाचवायला आलेल्या माणसांसाठी बंदूक उचलता येते.

पैसा

शांतिसेनेचं अंदाजपत्रक वेगळं असतं, जुलै ते जून. २०२४-२५ मध्ये ते सुमारे ५.६ अब्ज डॉलर होतं. पाच कायम सभासदांवर जास्त भार. चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त आकारणी एकट्या अमेरिकेवर, त्यामागे चीन. जवानामागे महिन्याला ठराविक रक्कम त्याच्या सरकारला मिळते. २०१८ साली ती १,४२८ डॉलर ठरली. जवानाला पगार आणि भत्ते आपलं सरकार देतं. मोठ्या देशांची वर्गणी थकली की मोहीम लंगडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशाअभावी नऊ मोहिमांतले जवळपास २५ टक्के सैनिक आणि पोलीस कमी करायचं ठरलं.

जायचं असेल तर

जवानाला थेट युनोत भरती होता येत नाही. आधी भारतीय सैन्यात जावं लागतं. मिशनसाठी पलटण निवडते ती सेना. निघण्यापूर्वी प्रशिक्षण होतं. त्यासाठी दिल्लीत २००० साली खास केंद्र उभं राहिलं. पोलीस दलांतूनही माणसं जातात. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी ही शांतता मोहिमेतली जगातली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी होती. डॉक्टर, अभियंते, हिशेबनीस, दुभाषे यांना मात्र संघाच्या मुलकी जागांसाठी किंवा स्वयंसेवक योजनेत थेट अर्ज करता येतो, आणि तो अर्ज चाळीसगावात बसूनही भरता येतो.