मेंढ्यांचे पोटाचे विकार आणि खाद्यपूरके

सुगी आटोपून शेते मोकळी झाली की मेंढ्यांचे कळप कापणी झालेल्या रानात उतरतात. खळ्याभोवती सांडलेले धान्य आणि गळून पडलेली कणसे मेंढ्या आधाशीपणे खातात आणि एकदोन दिवसांत कळपातील धष्टपुष्ट मेंढरेच दगावतात. अशा वेळी विषबाधेचा संशय घेतला जातो. परंतु कारण बहुधा मेंढीच्या कोठीपोटातच दडलेले असते. ईदच्या बाजारासाठी कोकरे खुराकावर पोसणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या असून त्यांवर उपजीविका करणारी बहुसंख्य कुटुंबे अल्पभूधारक वा भूमिहीन आहेत. त्यांच्या दृष्टीने चारदोन जनावरांची हानी ही वर्षाच्या कमाईची हानी ठरते.

मेंढीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव चारा आंबवून पचवितात. धान्य अचानक अधिक प्रमाणात पोटात गेल्यास त्यातील पिष्ट वेगाने आंबते व लॅक्टिक आम्ल साचते. एरवी सहा ते सातच्या दरम्यान असणारा सामू साडेपाचच्या खाली घसरतो, तंतुमय चारा पचविणारे जीवाणू मरतात, शरीरातील पाणी पोटाकडे ओढले जाते आणि जनावर कोसळते.

या आम्लतेवर निसर्गाने दिलेला उतारा म्हणजे मेंढीची लाळ. तिच्यात बायकार्बोनेट असते आणि कडबा, वाळलेले गवत यांसारखी लांब वैरण रवंथ करताना ती भरपूर स्रवते. केवळ भरड्यावर ठेवलेल्या कोकरांना हे संरक्षण मिळत नाही. म्हणून खुराकात खाण्याचा सोडा मिसळण्याची पद्धत आहे. शंभर किलो खुराकामागे एक ते दीड किलो हे प्रमाण सामान्यतः योग्य मानले जाते. मात्र नर कोकरांना तो दीर्घकाळ दिल्यास मूतखड्याचा धोका वाढू शकतो. यीस्टचे कार्य निराळे आहे. ते कोठीपोटातील प्राणवायू शोषून घेते व लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जीवाणूंना पोषक स्थिती निर्माण करते. त्याचा लाभ आहारानुसार कमीअधिक होतो, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

मोनेन्सिनसारखी औषधी पूरके रक्ती हगवणीस कारणीभूत होणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवींना आळा घालतात. परंतु मात्रा चुकल्यास ती मेंढीलाही घातक ठरतात आणि घोड्याला तर अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक असतात. दख्खनच्या पठारावरील धनगरांच्या वाड्यासोबत सामान वाहणारी घोडी असतात, हे येथे विसरता कामा नये. गाईंसाठी तयार केलेले खनिज मिश्रणही मेंढ्यांना देऊ नये. त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साचत जाते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास बंदी केली. भारतानेही जुलै २०१९ मध्ये पशुखाद्य पूरकांतील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

आंत्रविषाराची बाब वेगळी. या रोगाचे जीवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. न पचलेले पिष्ट तेथे पोहोचले की ते झपाट्याने वाढून विष निर्माण करतात. सोडा किंवा यीस्ट यांवर विसंबून हा रोग टळत नाही. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्यावी; प्रथमच टोचताना सुमारे पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.

खुराक सुरू करताना तो दहा ते चौदा दिवसांत थोडाथोडा वाढवावा. कापलेल्या रानात सोडण्यापूर्वी कळपाला वैरण खाऊ घालावी आणि पहिल्या काही दिवशी तेथे थोडाच वेळ चरू द्यावे. हे पथ्य पाळले नाही, तर महागड्या पूरकांवरील खर्च बहुतांशी वाया जातो. मेंढी सुस्त होऊन दात खाऊ लागली, पोट फुगले वा पातळ हगवण लागली, तर धान्य तत्काळ बंद करून पशुवैद्यकास पाचारण करावे.