बिनतारी कळफलक अबोल झाला तर

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं हा प्रसंग येऊन गेला असेल. मुलाचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. संगणक सुरू झाला आहे, परवलीचा शब्द लिहावयाचा आहे. पण कळा कितीही दाबल्या तरी पडद्यावर एक अक्षर उमटत नाहीं. माऊस फिरविला तरी बाण जागचा हालत नाहीं. तार असती तर ती निसटली आहे कीं काय, हें डोळ्यांनीं तरी दिसलें असतें. येथें तारच नाहीं. मग दोष शोधावा कोठें? पुष्कळ लोक अशा वेळीं यंत्र बिघडलें असें समजून नव्याच्या खरेदीस निघतात. वस्तुतः अनेकदां यंत्र धडधाकट असतें. बिघडलेली असते ती संगणकाशीं असलेली त्याची ओळख.

ही ओळख म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. बिनतारी साधनें मुख्यतः दोन प्रकारचीं. एका प्रकारांत यूएसबीच्या खांचेंत बसणारा नखाएवढा रिसीव्हर असतो. दुसऱ्यांत संगणकांतील ब्लूटूथच तें काम करतें. दोन्हींच्या लहरी सामान्यतः २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतल्याच. भारतांत २००५ सालीं ठराविक शक्तीच्या मर्यादेंत हा पट्टा परवान्यावांचून खुला झाला. वायफायही तेथेंच चालतें, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हच्या लहरीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास असतात. एवढ्या गर्दींत संगणकानें आपला कळफलक ओळखावा कसा? त्यासाठीं दोघांची एकदां गांठ घालून द्यावी लागते. तिलाच आपण पेअरिंग किंवा जोडणी म्हणतों. त्या वेळीं दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवितात आणि आपापल्या स्मृतींत जपून ठेवतात. पुढें ती किल्ली जुळली तरच संभाषण होतें.

आतां मधल्या काळांत तोच कळफलक कोणीं टॅब्लेटला जोडला, किंवा संगणकाची कार्यप्रणाली नव्यानें बसविली, तर एका बाजूची किल्ली बदलते अथवा पुसली जाते. दुसरी बाजू मात्र जुनीच किल्ली धरून बसते. यादींत कळफलकाचें नांव दिसतें, पण जोडणी होत नाहीं, याचें रहस्य हेंच. तेथें ‘कनेक्ट’ कितीही वेळां दाबलें तरी व्यर्थ.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं साध्या गोष्टी पाहाव्या. सेल नवे घालावे. साधनाच्या पोटाशीं किंवा कडेला असलेला खटका चालू आहे ना, हें पाहावें. कित्येक कळफलकांवर १, २, ३ अशा कळा असतात. त्या तीन निरनिराळ्या संगणकांसाठीं होत. चुकून ‘२’ दाबला गेला असेल, तर कळफलक मुकाट्यानें दुसऱ्याच यंत्राशीं बोलत असतो. अक्षरें मधूनमधून गळत असतील किंवा बाण अडखळत असेल, तर तो बहुधा जोडणीचा दोष नव्हे, अडथळ्याचा होय. यूएसबी ३.० च्या खांचा व तारा यांतून निघणारा गोंगाट याच पट्ट्यांत पसरतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत दाखविलें आहे. अशा वेळीं रिसीव्हर त्या खांचेपासून दूर, शक्य तर लहानशा जोडतारेनें पुढें आणून ठेवावा.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर ओळख पुसून नवी करावी. तत्पूर्वीं तारेचा एक साधा कळफलक व माऊस हाताशीं ठेवावा. नाहींतर जुनें नांव खोडल्यावर पुढचें बटण दाबण्यास साधनच उरत नाहीं. नंतर ब्लूटूथच्या यादींतून नांव काढून टाकावें. कळफलकावरील जोडणीचें बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावें, आणि संगणकास नवें साधन शोधण्यास सांगावें. पडद्यावर सहा आंकडे आले, तर ते त्या बिनतारी कळफलकावरच लिहून ‘एंटर’ दाबावें. कित्येक जण ते नुसते पाहत बसतात, आणि तेवढ्यांत मुदत संपते.

रिसीव्हर हरवला असेल तर मात्र कोणताही दुसरा चालत नाहीं, कारण त्याची जोडी बहुधा कारखान्यांतच ठरलेली असते. लॉजिटेकच्या युनिफाइंगसारख्या कांहीं रिसीव्हरांना नवी जोडणी करतां येते, व तो एकटा सहा साधनें सांभाळतो. परंतु त्याच कंपनीच्या बोल्ट रिसीव्हराशीं त्याचें जमत नाहीं.

इतका खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. २०१६ सालीं बॅस्टिल या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, ब्लूटूथ नसलेल्या कित्येक संचांत माऊसचे संदेश उघडेच जात, आणि त्या वाटेनें परक्यास आपल्या संगणकांत खोटीं अक्षरें घुसवितां येत. म्हणून निर्मात्यानें दिलेली सुधारणा अवश्य बसवून घ्यावी. आपण कळफलकावर केवळ पत्रें लिहीत नाहीं. बँकेचा परवलीचा शब्दही त्याच कळांवरून जातो. तेव्हां किल्ली जुळल्यावांचून संगणक बोलत नाहीं, ही त्याची अडवणूक नव्हे. ती आपल्या दाराची कडी आहे.