तीनाला एक

उडपी हॉटेलाची चव बिघडायला लागते ती वाटपापासून, म्हणजे पीठ वाटण्याच्या कामापासून. सांबार पातळ झाले, चटणीत नारळ कमी पडला, हे गिऱ्हाइकाला लगेच कळते. इडलीचे पीठ मात्र त्याच्या कितीतरी आधी बदललेले असते. जुन्या आचाऱ्यांचे प्रमाण तीनाला एक: तीन वाटे तांदूळ, एक वाटा उडीद, वर चिमूटभर मेथ्या. उकडा तांदूळ चांगला असेल तर चाराला एकही चालते. त्यापुढे गेले की इडली उरत नाही, वाफवलेले तांदळाचे पीठ उरते.

तांदूळ निवडणे, धुणे, भिजवणे ही रोजची कामे. खरी कसोटी उडदाची. उडीद वाटताना त्याचा चिकट बुळबुळीतपणा आणि प्रथिने हवा धरून ठेवतात. पुढे रात्रभरात ल्यूकोनोस्टॉक जातीचे जीवाणू पीठ आंबवतात, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो या चिकट जाळ्यात अडकून पीठ वर येते. ग्राइंडरवरचा माणूस उडदात गार पाणी थोडे थोडे घालतो, कारण पीठ तापले की फुगत नाही. मधूनच बोटावर गोळा घेऊन तो पाण्याच्या वाटीत सोडतो. गोळा तरंगला तर वाटण झाले. बुडाला तर दगड आणखी फिरू द्यायचा. हॉटेलात सर्वांत कमी पगार बहुधा याच माणसाचा असतो आणि सगळी चव त्याच्या त्या दोन बोटांवर असते.

मराठवाड्यात, धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या परिसरात हा उडीद परका नाही. खरिपात तो सत्तर-ऐंशी दिवसांत निघतो, सोयाबीनच्या आधी बाजारात येतो आणि रान रब्बीच्या ज्वारीला मोकळे होते. 2024-25 च्या खरिपात त्याचा हमीभाव क्विंटलला 7,400 रुपये होता. पिठात महाग काय, तर उडीद. म्हणून मालकाचा हातही आधी त्यालाच लागतो. तीनाला एकचे पाचाला एक होते. वायू धरायला काही उरत नाही, मग सोडा येतो. सोड्याची इडली गरम असताना फुगलेली दिसते. निवली की भुसभुशीत होते आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

पीठ आंबण्यात हवामानाचाही मोठा वाटा आहे. ही पाककृती उडुपीच्या ज्या किनाऱ्यावर वाढली तिथल्या रात्री बाराही महिने उबदार असतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पीठ काही तासांतच आंबून जाते; डिसेंबर-जानेवारीत तेच पीठ सकाळपर्यंत हलत नाही. चांगला वाटपवाला ऋतूप्रमाणे वाटायची वेळ मागेपुढे करतो. नवखा माणूस तेवढ्यासाठी जागत नाही, आणि मालकही त्याला जागरणाचे पैसे देत नाही.

चांगला वाटपवाला पूर्वी हॉटेलातच घडायचा. मुंबईत माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. अशा खानावळींची पहिली पिढी उडुपी-कुंदापूरकडून आलेल्या मुलांवर उभी राहिली. ती मुले भांडी घासत घासत वाटप शिकली आणि मग तव्यावर गेली. पुढे त्या भागातली मुले शिकली, बंगळूरला, आखातात गेली. ही साखळी तुटली तिथे वाटप ज्याचे हात रिकामे असतील त्याच्याकडे गेले, किंवा तयार पीठ विकत येऊ लागले. मेनूत पंजाबी आणि चायनीज शिरल्यावर ग्राइंडरकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही.

चटणी आणि सांबार त्याच वाटेने जातात: नारळाऐवजी फुटाण्याची डाळ, तुरीऐवजी पाणी, मुरलेल्या मसाल्याऐवजी तिखट.

डोसा मात्र बराच काळ तग धरतो. तापलेला तवा, लोणी आणि बटाट्याची भाजी पिठाचे दोष झाकतात. त्यामुळे उतरती कळा लागलेल्या हॉटेलातही मसाला डोसा खपतो. इडलीला झाकायला काही नसते, म्हणून तिचे गिऱ्हाईक आधी तुटते. खप घटला की पीठ फ्रिजमध्ये जास्त दिवस पडून राहते, आणखी आंबते आणि शेवटी कांदा-मिरची घालून उत्तप्प्यावर संपवले जाते.